मागचा टायर घेताना



"मागचा टायर कोणता घ्यावा म्हणजे जास्त टिकेल?" लांबच्या प्रवासाला मोटारसायकल काढणाऱ्या आपल्या तरुणांचा हा नेहमीचा प्रश्न. नोकरी लागते, हप्त्यावर बुलेट, मीटिऑर, हिमालयन किंवा डॉमिनार घरी येते, आणि दोन-चार सुट्ट्या जोडून आल्या की जोडपे पिशव्या बांधून निघते. मुंबईहून नागपूर, पुण्याहून गोवा, हिंमत असली तर थेट लेह. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, परंतु त्यावर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे. तेव्हा दुचाकीवाल्याच्या वाट्याला जुनेच रस्ते: कसारा घाट, धुळे-जळगाव-अकोल्याची सरळ तापलेली सडक, कोकणातला पाऊस. अशा रस्त्यावर वर्ष-दीड वर्षात मागचा टायर गोटा होतो, आणि दुकानात किंमत ऐकली की मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो टिकण्याचा.

प्रश्न योग्यच आहे. फक्त त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: हा टायर पावसात घाटाच्या वळणावर रस्ता कसा धरतो? भगिनींनीही हा लेख वाचावा. कारण गाडीच्या मागच्या चाकावर जो भार असतो त्यात मोठा वाटा मागच्या सीटवर बसणाऱ्याचा असतो, आणि आपल्या घरांत ती जागा बहुधा त्यांची असते.

प्रथम मागचाच टायर लवकर का झिजतो ते पाहू. इंजिनाची सगळी ताकद चेनमार्फत मागच्या चाकावर येते आणि ते चाक रस्त्याला मागे रेटते. प्रत्येक वेळी गिअर टाकून गाडी उचलली की रबराचा थोडा अंश रस्त्यावर राहतो. शिवाय मागे बसलेली व्यक्ती, बॅगा, पाण्याचा कॅन, सगळे ओझे त्याच चाकावर. महामार्गावर शेकडो किलोमीटर गाडी सरळ उभी चालते, म्हणून झिजतो तो टायरचा मधला पट्टा. कडा तशाच राहतात. हळूहळू गोल असलेला टायर मध्ये सपाट होतो. पुष्कळ लोक कडेची नक्षी बोटाने चाचपून "अजून पुष्कळ माल आहे" असे म्हणतात. त्याला अर्थ नाही, मधल्या खाचा पाहाव्या लागतात. मध्ये सपाट झालेला टायर वळणावर गाडी तिरकी करताना सपाट भागावरून कडेवर एकदम चढतो. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही, घाटात मात्र गाडी अडखळल्यासारखी कलते. चालवणारा त्याचा दोष सस्पेन्शनला देतो, रस्त्याला देतो. दोष बहुतेक वेळा टायरचा असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टायरचे आयुष्य प्रामुख्याने रबराच्या मिश्रणावर ठरते. दुकानदार त्याला कंपाउंड म्हणतात. कठीण कंपाउंड सावकाश झिजते. मऊ कंपाउंड रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरून बसते, त्यामुळे पकड चांगली देते, परंतु लवकर संपते. ओल्या रस्त्यावर हा फरक जास्त जाणवतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत रस्त्यावर तेल आणि धुळीचा चिकट थर तयार होतो. त्या वेळी फार कठीण टायर असलेली गाडी साध्या वळणावरही मागून सरकते. नवे रबर-तंत्र हा भेद काहीसा कमी करते. मिश्रणात सिलिका घातली की टिकाऊपणा फारसा न गमावता ओल्या रस्त्यावरची पकड वाढते. तरी एकाच टायरात सर्वांत जास्त आयुष्य आणि सर्वांत जास्त पकड, दोन्ही मिळतील अशी आशा करू नये.

मग टिकाऊपणासाठी पकड किती सोडावी? येथे थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, आपापल्या गावचा भाव आपण घालावा. समजा, एक कठीण टायर ३,००० रुपयांना मिळतो आणि १८,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला सुमारे १७ पैसे. दुसरा मध्यम कंपाउंडचा, चांगली पकड देणारा टायर ३,५०० रुपयांचा आहे आणि १४,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला २५ पैसे. फरक आठ पैशांचा. वर्षाला ८,००० किलोमीटर गाडी चालविणाऱ्याला तो ६४० रुपये पडतो. तेवढ्याच प्रवासाला पेट्रोल किती लागते? लिटरला ३५ किलोमीटरचा पडता आणि शंभर रुपयांचा भाव धरला तरी बावीस-तेवीस हजार रुपये. त्याच्या शेजारी हे ६४० रुपये ठेवून पाहावे. कमी हवेवर गाडी चालविल्याने जे पेट्रोल जास्त जळते त्याचा तर आपण कधी हिशेबही मांडत नाही.

पैशाची गोष्ट क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात हप्ता, शाळेची फी आणि गावाकडची मनीऑर्डर (आता फोनवरून जाते इतकेच) एकाच पगारातून निघते तेथे ६४० रुपयांनाही किंमत आहे. परंतु ते टायरच्या कठीणपणातून वाचवू नयेत. ते वाचविण्याच्या दुसऱ्या जागा आहेत, त्या पुढे सांगतो. दोघांनी आणि सामानासह जाणाऱ्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: टूरिंगसाठी म्हणून बनविलेला मध्यम कंपाउंडचा टायर घ्यावा. आपल्या आकारात मिळत असेल तर दुहेरी कंपाउंडचा घ्यावा. अशा टायरात मधला पट्टा कठीण रबराचा आणि दोन्ही कडा मऊ रबराच्या असतात. सरळ रस्त्यावर मधला भाग टिकतो, वळणावर कडा धरते. आपल्या प्रवासाला ही रचना अगदी योग्य आहे.

कंपनी कोणती, असेही विचारले जाते. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके, मिशेलिन, पिरेली अशी बरीच नावे बाजारात आहेत. सीएटचा दुचाकी टायरचा एक कारखाना तर आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. परंतु बहुतेक कंपन्या कठीण, मध्यम आणि मऊ असे निरनिराळे टायर बनवितात. त्यामुळे केवळ कंपनीचे नाव सांगून काही कळत नाही. टायरचे मॉडेल विचारावे, ते कोणत्या कामासाठी बनविले आहे ते विचारावे, आणि आपल्याच जातीची गाडी, तेवढेच ओझे घेऊन चालविणाऱ्या दोघा-तिघांना त्यांचा टायर किती हजारांवर बदलला ते विचारावे. साडेतीनशे सीसीच्या गाड्यांवर दहा-बारा हजारांपासून वीस हजारांपर्यंत उत्तरे मिळतील. एवढा फरक का? टायर वेगळा असतो हे खरे, पण चालविणाराही वेगळा असतो.

मोठाले ठोकळे असलेला, दिसायला रांगडा टायर हल्ली तरुणांना आवडतो. माती-दगडांसाठी तो उत्तम. डांबरी महामार्गावर मात्र ते उंच ठोकळे प्रत्येक फेरीला वाकतात, तापतात आणि झपाट्याने झिजतात. वर्षातून एकदा लेहला आणि बाकी अकरा महिने कार्यालयाला जाणाऱ्याने तो घेऊ नये. तसेच रुंद टायर जास्त टिकतो ही समजूतही सोडून द्यावी. रिम तेवढीच ठेवून टायर रुंद घातला तर त्याचा गोलावा आवळला जातो, आकार बिघडतो, कधी तो चेन-गार्डला घासतो. गाडी कलायला जड होते आणि पेट्रोलही जास्त खाते. कंपनीने दिलेला आकारच ठेवावा.

टिकाऊपणाच्या हव्यासाची एक गंमत अमेरिकेत पाहावयास मिळते. तिकडे होंडा गोल्डविंगसारख्या अवजड टूरिंग गाड्यांच्या मागच्या चाकावर काही लोक चक्क मोटारकारचा टायर बसवितात. त्याला ते 'डार्क साइड' म्हणतात. कारचा टायर जास्त चालतो यात शंका नाही. परंतु तो सपाट असतो, आणि मोटारसायकल कलून वळते. कारच्या टायरवर ती कलली की केवळ एका कडेवर उभी राहते. त्याची रिमवर बसणारी कडही मोटारसायकलच्या रिमसाठी बनविलेली नसते. टायर-कंपन्या यास साफ विरोध करतात. आपल्याकडे हे कोणी करीत असल्याचे मी पाहिले नाही. पण रिमोल्ड केलेला टायर स्वस्तात घालणारे जरूर पाहिले आहेत. ट्रकला चालते म्हणून दोन चाकांवर चालेल असे समजू नये. ट्रकची एक जोडी निकामी झाली तरी बाकीची चाके असतात.

आता टायरच्या अंगावर जे लिहिलेले असते ते वाचावयास शिकू. २०२१ सालापासूनच्या क्लासिक ३५० च्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ असा आकार असतो. १२० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ८० इतकी उंची, १८ म्हणजे इंचात रिम. डॉमिनार ४०० ला १५०/६० आर १७ असते. हा 'आर' म्हणजे रेडियल. रेडियल टायर सतत वेगात चालला तरी कमी तापतो आणि म्हणून लांब पल्ल्यावर चांगला टिकतो. ज्या गाडीला कंपनीने साधा नायलॉनचा टायर दिला आहे त्या गाडीला रेडियल लावण्यापूर्वी मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे, आणि पुढे एक जातीचा व मागे दुसऱ्या जातीचा असा मेळ स्वतःच्या मनाने घालू नये.

आकाराच्या पुढे एक दोन आकडी संख्या आणि एक इंग्रजी अक्षर असते. ती संख्या म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो त्याचा निर्देशांक. ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. अक्षर वेगाचे असते. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटर, 'एस' म्हणजे १८०, 'एच' म्हणजे २१०. आता घरचेच गणित घालू. गाडी १९५ किलो, चालविणारा ७५, मागे बसणारी ६०, सामान २५. बेरीज ३५५. यातला निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर येतो. साठ-बासष्ट टक्के धरला तर सव्वादोनशे किलोच्या आसपास. म्हणजे ५७ लिहिलेल्या टायरची मर्यादा जवळजवळ संपली. स्वस्त मिळतो म्हणून मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर घेतला तर तो कायम ताणाखाली चालतो, तापतो आणि आयुष्यही गमावतो. मध्ये मुलाला बसवून तिघे जाणे कायद्यालाही मान्य नाही आणि टायरलाही.

त्याच भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ०८२५ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात टायर घेण्यापूर्वी ते चार आकडे दाखवा म्हणावे. संकोच करू नये. आपण औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहतोच की. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी त्याच्या उरलेल्या आयुष्याचा विचार करावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर वापरूच नये, असे मिशेलिन कंपनी सांगते. आयएसआयची खूणही पाहावी. दुचाकीच्या टायरला ती आपल्या देशात सक्तीची आहे.

आता वर सांगितलेल्या, पैसे वाचविण्याच्या जागा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे हवा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला पोटाशी दबतो आणि सुटतो. त्या दबण्या-सुटण्याने आतून तापतो. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा, खाली तापलेले डांबर, वर दोन माणसे आणि सामान, त्यात हवा पाच-सहा पीएसआय कमी. महागडा टायरही यात लवकर संपतो, प्रसंगी फुटतो. हवा फार जास्त असेल तर टायर मध्येच फुगून मधला पट्टा झिजतो आणि पकड कमी होते. किती हवा भरावी ते गाडीच्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा चेन-गार्डजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे दोन आकडे असतात. सामान बांधून दोघे निघणार असाल तर दुसरा आकडा पाहावा. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी मोजावी. शंभर किलोमीटर चालून पंपावर गेलात तर तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढली की थंड झाल्यावर टायर उपाशी. पंपावरचा काटा नेहमी खरे सांगतोच असे नाही. दोन-तीनशे रुपयांचे स्वतःचे मोजणीयंत्र घ्यावे. घरातल्या शाळकरी मुलाला ते काम दर रविवारी लावून दिले तर तो आवडीने करतो.

दुसरी जागा म्हणजे हाताची सवय. सिग्नल सुटताच गाडी झटक्याने उडविणे, आणि थांबताना केवळ मागचा ब्रेक दाबून चाक घसटत नेणे. चाक एकदा लॉक होऊन घासले की तेवढ्या जागी टायर सपाट होतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. परंतु सिंगल चॅनेलच्या गाडीत ते बहुधा पुढच्या चाकापुरतेच असते. मागचे चाक तेथे आजही लॉक होते. दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याची सवय करावी. चेन फार आवळलेली किंवा चाक किंचित तिरके बसलेले असले तरी टायर एका बाजूने झिजतो. नवा टायर बसविल्यावर मेकॅनिकने स्विंग-आर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या का, ते समोर उभे राहून पाहावे.

बसविताना आणखी थोडे. टायरवर बाण असतो, चाक त्या दिशेने फिरले पाहिजे. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर नव्या टायरबरोबर नवी ट्यूब घालावी, जुनी ताणलेली नको. ट्यूबलेसला पंक्चरवाला बाहेरून जी दोरी खुपसतो ती घरी पोहोचण्यापुरती. पुढे टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. पंक्चर बाजूच्या भिंतीवर असेल तर टायर बदलण्याखेरीज उपाय नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून, वळणावर फार न कलता चालवावे. म्हणूनच प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलू नये, आठवडाभर आधी बदलावा.

आणि प्रवासापूर्वी बदलावा की नंतर? त्यासाठी मोजावे लागते. कायद्याप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर असली पाहिजे. ती शेवटची हद्द झाली. पावसात दोन मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी कुटुंबाला बसविणार नाही. खाचेत मध्ये मध्ये उंचवटे असतात, त्यांची जागा दाखविणारी 'टीडब्ल्यूआय' ही इंग्रजी अक्षरे टायरच्या बाजूला असतात. रबर झिजून उंचवट्याच्या बरोबरीला आले की टायर संपला. परंतु त्याआधीच वहीत नोंद ठेवावी. समजा, नवा असताना मध्ये सात मिलिमीटर खोली होती आणि दहा हजार किलोमीटरनंतर साडेतीन उरली. म्हणजे मिलिमीटरला सुमारे २,९०० किलोमीटर. दोन मिलिमीटरपर्यंत यायला आणखी ४,३०० किलोमीटर आहेत. मुंबई-लेह जाऊन येऊन पाच हजारांच्या आसपास होतात, वर सामान आणि डोंगरातले खडबडीत रस्ते. असा टायर घेऊन निघालात तर तो परतीच्या वाटेवर, सर्वांत अडचणीच्या ठिकाणी संपेल. ॲव्हेंजरवाल्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. तिच्या मागच्या चाकाचा १३०/९०-१५ हा आकार लहान गावातल्या दुकानात सहसा नसतो. साडेतीन मिलिमीटरचा टायर पुणे-महाबळेश्वरला मात्र खुशाल न्यावा.

जुना टायर दुकानात सोडून येता तेव्हा एक लक्षात ठेवावे. काही ठिकाणी झिजलेल्या टायरच्या खाचा पुन्हा कोरून तो गरजू माणसाला स्वस्तात विकला जातो. खाच खोल दिसते, पण खाली रबर उरलेले नसते. आपला टायर पूर्ण संपलेला असेल तर दुकानदाराला सांगून त्याची कड आपल्यासमोर कापून घ्यावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

पुढील आठवड्यात चेन आणि स्प्रॉकेटविषयी.